गल्लीतला दुसरा कुलूपवाला

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: एक घर, टेकडीच्या पोटात कोरलेलं. चारी बाजूंना खडक, खिडकी एकही नाही. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि आत गारवा. कूबर पेडी नावाच्या दूरच्या वाळवंटी गावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्याच एका घरात दहा वर्षांची नेदा न्हाणीघराच्या दाराला कान लावून उभी होती.

आत तिचे आजोबा, रादोमिर, अडकले होते. अर्धी दाढी झालेली आणि दाराची मूठ निखळून हातात आलेली. चार वाजता वेस्नाआत्याचं लग्न. तिचा हात धरून तिला चर्चमध्ये न्यायचं ते यांनीच. बाकी सगळं घर केव्हाच तिकडे गेलेलं. चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेही जमिनीखाली, आणि घरातल्यासारखं वायफाय तिथे नाही, त्यामुळे कुणाचाच फोन लागेना. साडेतीन वाजून गेले होते. आणि खरी लाजेची गोष्ट तर पुढेच आहे: रादोमिर हे गावातले एकमेव कुलूपवाले.

“हत्यारं बाहेर आणि मी आत,” आजोबा म्हणाले. “विचार तुझ्या त्या फोनला. त्याला म्हणे सगळं येतं.”

नेदाने विचारलं. पहिलं पान उघडलं.

“काय म्हणतंय?”

“कुलूप म्हणजे काय ते सांगतंय.”

“ते मला माहितेय. पुढे.”

“पूर्वी इजिप्तमध्ये लाकडी कुलपं असायची.”

“माझं पितळी आहे. पुढे.”

“पुढे जाहिरात आहे. मग परत कुलूप म्हणजे काय.”

दुसरं पान झालं, तिसरं झालं, सातवं झालं. प्रत्येकाचं नाव वेगळं, मजकूर मात्र शब्द न् शब्द तोच, जणू सात पोरांनी एकाच वहीतून उतरवून घेतलेला. यादीत पहिला नंबर पटकावायची सगळ्यांची धडपड, पण दार उघडायचं कसं ते कुणीच सांगेना. आठव्याने एकदाचा उपाय दिला.

“आजोबा, खिडकीतून बाहेर या, म्हणतंय.”

आतून भिंतीवर टकटक ऐकू आली.

“खडकाला विचारून बघतो,” आजोबा म्हणाले.

त्या पानाच्या तळाशी मात्र ठळक अक्षरांत होतं: ‘कूबर पेडीचे आपले कुलूपवाले. आत्ता फोन करा.’ नेदाने केला. गोड आवाजाच्या एका बाईंनी पत्ता लिहून घेतला.

“घाबरू नकोस हं, बाळा. आमचा माणूस तुझ्याच गल्लीत राहतो. थांब, त्यांना विचारून घेते.”

“आजोबा, आपल्या गल्लीत म्हणे अजून एक कुलूपवाला आहे.”

दारावर आतून धाडकन बुक्की बसली. “काय? चाळीस वर्षं मी इथे कुलपं उघडतोय! कोण आहे तो दीडशहाणा? नाव विचार त्याचं.”

ती विचारणार, तेवढ्यात स्वयंपाकघरात आजोबांचा फोन वाजला. नेदाने पळत जाऊन उचलला.

“रादोमिरसाहेबांचा फोन ना?” तोच गोड आवाज. “तुमच्याच गल्लीत काम आलंय. एक म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात अडकलेत. पंधरा मिनिटांत पोचाल का?”

नेदाचा आ वासलेला तसाच राहिला.

“कळलं का नाव?” आजोबा आतून ओरडले.

“रादोमिर,” नेदा म्हणाली.

आत वस्तरा खण्णकन खाली पडला.

“मागच्या वर्षी शहरातून कुणीतरी माझं नाव लिहून घेतलं होतं,” आजोबा हळूच म्हणाले. “कामं देऊ म्हणाले होते. मला वाटलं, विसरले.”

“ते केव्हाच पोचलेत,” नेदाने बाईंना सांगितलं आणि दोन्ही फोन बंद केले. मग गाडीतली हत्यारांची पेटी फरफटत आणली आणि लग्नातल्या नव्या झग्यासकट दारासमोर फतकल मारली.

“हं, आजोबा,” ती म्हणाली, “पहिला स्क्रू कुठला?”