डोळ्यांची वही

आमच्या बोईसर स्टेशनाजवळ एक फोटोवाले मास्तर हायत, कोणी भेटला की ते आधी रामराम नाय करत, आधी डोळ्यांत बघतात. बघतात म्हणजे असंतसं नाय. खिशातनं भिंग काढतात, हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडं वळवतात न मग बघतात. तुमी घाईत असा नायतर डोक्यावर भरलेली कळशी असू दे. पुढं गेलात की मागनं ओरडतात, "थांबा! डोळे राहिले!" जसे काय तुमीच तुमचे डोळे त्यांच्या दुकानात विसरून चाललाय.

एकदा बाजारात नवापूरची म्हावरेवाली बसलेली, तिच्यापुढं मास्तर उकिडवे बसले न लागले बघायला. तिनं पापलेट उचललं न त्यांच्या नाकाशी धरलं. "मास्तर, डोळे म्हावऱ्याचे बघायचे असतात, म्हावरेवालीचे नाय!" सगळा बाजार हसला. मास्तर नाय हसले. वही काढली, कायतरी लिवलं न म्हावरं न घेताच उठले. ते घाटावरचे, म्हावरं खातच नाय.

मी केळव्याची, शाळा चौथीपर्यंत. लगीन होऊन इकडं आली, कारण आमचे हे तारापूरला त्या नव्या बिजलीघराच्या बांधकामावर हायत. ते सकाळी जातात, मग दिवसभर खोलीत मी न माझा बाळू, चार म्हयन्यांचा. मला कशाचीबी भीती वाटते. सुरुंगाचा आवाज आला तरी मी बाळूला उचलून दारात. त्यात शेजारच्या गोदाकाकूंनी मला मास्तरांचं सांगितलं.

"अगं सुमे, तो मेलेल्यांचे फोटो काढतो."

ते खरंच हाय. इकडं जितेपणी फोटो कोण काढतो? माणूस गेला की घरच्यांना आठवतं, आरं, म्हातारीचा एक फोटो नाय, न मग कोणतरी मास्तरांकडं धावतं. मास्तर जातात, फोटो काढतात न दुकानात बसून बारीक ब्रशनं त्या फोटोवर उघडे डोळे रंगवतात. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो भिंतीला कसा लावायचा?

पण डोळे काढायचे तर कसले होते ते ठाऊक पायजे ना. एका गावचे पाटील गेले, कडक माणूस, मास्तरांनी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काढले आपले चांगले मायेचे डोळे. दुसऱ्या दिवशी सुना फोटो घेऊन परत आल्या, "हे आमचे मामंजी नायत, मामंजींनी असं कधी कुणाकडं बघितलंच नाय." मागनं पाटलीणबाई आल्या, फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला न म्हणाल्या, "राहू द्या गं. आता तरी बघू दे."

बाई फोटो घेऊन गेल्या, पण मास्तरांच्या जिवाला ते लागलं. त्या दिवसापासनं वही. दिसेल त्याचे डोळे आधीच लिवून ठेवायचे, म्हणजे पुढं चुकायला नको.

आता मला सांगा, अशा वहीत कोणाला नाव घातलेलं आवडेल? लोक मास्तर दिसले की डोळे मिटून घेतात. पोस्टमन तर डोळे मिटून सायकल चालवायला गेला न गटारात पडला.

न एक दिवस मी नळावर उभी, बाळू काखेत, न मास्तरांनी त्याला गाठलं. भिंग बघून माझं पोर हसलं! मी ओढून घेईपर्यंत लिवून झालं होतं. तिसऱ्या दिवशी बाळूला ताप. अंग नुसतं चटके देत होतं, दूध घेईना, एका कुशीवर टाकला की किंचाळायचा. मी मीठमिरच्या ओवाळल्या. गोदाकाकू म्हणाल्या, "मेलेल्यांच्या वहीत नाव गेलं गं तुझ्या पोराचं." मी चप्पलपण नाय घातली. बाळूला उचललं न धावत सुटली.

दुकानात एक घरवाला-घरवाली फोटोला बाकड्यावर बसलेली, ताठ, मागं रंगवलेल्या बागेचा पडदा, बाजूच्या भिंतीवर डोळे मिटलेल्या एका बाईंचा फोटो. मास्तर काळ्या फडक्यात डोकं घालून उभे. मी ते फडकं ओढलं.

"पान फाडा! माझ्या बाळूचं पान फाडा!"

"वहीतलं पान फाडत नसतो मी."

"मग मी फाडते!"

वही टेबलावर होती. मी उघडली न बोट ठेवून एकेक नाव वाचत सुटली. 'पोस्टमन. डावा बारीक. मनीऑर्डर देताना दोन्ही हसतात.' 'गोदाबाई. खोटं बोलताना वर बघतात.' न मग सापडलं. 'बाळू. चार महिने. काळेभोर. आई बोलली की तिकडंच वळतात. पापण्या मोजायच्या राहिल्या, फार हलतो.'

मास्तरांनी माझ्या हातातनं वही घेतली, ते पान हळूच फाडलं न मला दिलं. मग बाळूकडं बघितलं, भिंगाबिगर.

"ताप कधीपासनं?"

"काल सकाळपासनं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

मी बाळूचं टोपडं सारखं करायला लागली.

"चल!"

बाकड्यावरचा माणूस तोंड न हलवता म्हणतो, "मास्तर, आमी श्वास सोडू काय?"

"सोडा, सोडा! उद्या या!"

मला सायकलच्या मागं बसवलं न अशी दामटली की मी बाळूला धरू का सीटला धरू. दवाखान्यात डॉक्टरांनी कानात बघितलं. कान पिकला होता आतनं. सुई दिली, औषध बनवायला घेतलं न आमाला बाहेर बसवलं. बाळू रडून रडून झोपला. मास्तर बसेनात. या दारापासनं त्या दारापर्यंत चालले होते. त्यांनी जरा टेकावं म्हणून मी विचारलं, "दुकानात त्या बाईंचा फोटो हाय, डोळे मिटलेला. कोणी न्यायला नाय आलं का?"

ते थांबले.

"माझी बायको ती. सात वर्षं संसार केला. गेली, फोटो काढला, ब्रश घेऊन बसलो, तर आठवेनाच. काळे होते का घारे, तेवढंसुद्धा. तिचा फोटो कधी काढलाच नाही; समोर बसली की नुसतं म्हणायचो, हलू नकोस, उजेड बघतोय." मग ते परत चालायला लागले. "उजेडच बघत राहिलो, पोरी."

मी पदर तोंडाला लावला. औषध आलं तसे आमी निघालो.

बाळू चार दिवसांत बरा झाला. खोटं कशाला बोलू, औषधपण दिलं न ते पानपण त्याच संध्याकाळी चुलीत घातलं. घरी यांना औषधाचं सांगितलं, पानाचं नाय. पण मला जेवण गोड लागेना. आठ दिवसांनी गोदाकाकूंचा डोळा चुकवून मी दुकानात गेली.

"मास्तर, लिवा परत."

त्यांनी बाळूला मांडीवर घेतला. भिंग त्यानं लगेच तोंडात घातलं. मास्तरांनी वही काढली, पेन्सिल काढली, बराच वेळ बघितलं न वही मिटली.

"असं एकदा लिहून भागत नाही," ते एकदम मोठ्या कामाचं सांगितल्यासारखं म्हणाले. "लहान मुलांचे डोळे दर महिन्याला बदलतात. दर महिन्याला आणावं लागेल."

मी चौथीच शिकली, पण पोरांचे डोळे म्हयन्या-म्हयन्याला बदलत नायत, तेवढं मलापण कळतं. मी म्हटलं, "आणते."

पुढच्या म्हयन्यात गेली, तर त्या फोटोच्या बाकड्यावर नवंकोरं दुपटं चौघडी करून अंथरलेलं, वर रबराची बाहुली. न मास्तर दारात, रस्त्याकडं तोंड करून उभे.