शंभर माणसांचा दवाखाना

आपण आखलेला बेत कधी फसत नाही, असं कंपाउंडर छातीठोकपणे सांगत असे. दुसरं कुणी तसं म्हणत नव्हतं, हा भाग वेगळा!

वरून हुकूम आला होता. मोजणीच्या दिवशी गावात शंभर माणसं हजर दिसली नाहीत, तर दवाखान्याला कुलूप! गावात उरली होती जेमतेम साठ, तीही सगळी पिकली पानं. पोरंबाळं कधीच शहरात गेलेली. कंपाउंडरचा जन्म त्या एका खोलीत, औषधांच्या वासात गेलेला. तिला कुलूप लागलं तर त्यानं जगायचं कशासाठी?

त्यानं म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या ओट्यावर जमवलं.

“पोरांना बोलवा. एका दिवसापुरतं!”

“बोलावून येतात होय?” सुतारमामा म्हणाले. “घर गळतंय म्हणून कळवलं, तर लेकानं ताडपत्री पाठवून दिली!”

“मग आजारी पडा! घराघरातून निरोप जाऊ दे. माणूस अत्यवस्थ, असाल तसे निघा!”

आणि काय सांगावं! मोजणीच्या दिवशी सकाळीच गाड्यांची रीघ लागली. लेक, सुना, जावई, नातवंडं! कंपाउंडर डोकी मोजत गल्लीभर नाचला. शंभरी कधीच ओलांडली होती. आता मोजणी करणारे साहेब तेवढे यायचे होते.

तेवढ्यात सुतारमामांना त्यांच्या लेकानं उचलून बाहेर आणलं.

“अरे, सोड! मी ठणठणीत आहे!” मामा ओरडत होते.

“ताप डोक्यात गेलाय,” सून डोळे पुसत म्हणाली. “काहीबाही बडबडताहेत!”

“नेताय कुठे?” कंपाउंडर आडवा आला.

“शहरातल्या इस्पितळात!”

“अहो, दवाखाना इथे आहे की!”

“तुमच्या दवाखान्यात बरे होणारे असते, तर अत्यवस्थ झाले असते का?”

शेवटी कंपाउंडरनं खरं सांगून टाकलं, “हे सगळं नाटक आहे हो!”

“वा! मरणाऱ्या माणसाला नाटकी म्हणता?” लेकानं त्याला बाजूला सारलं आणि गाडी हाणली.

मग एकेक घर रिकामं होत गेलं. निदान धोबीणकाकूंनी तरी सगळ्यांची समजूत घालावी, म्हणून तो त्यांच्या गाडीकडे धावला. काकूंच्या मांडीवर नातू बसला होता.

“काकू, सांगा ना त्यांना, बरी आहे म्हणून!”

“मुळीच नाही!” काकू कुजबुजल्या. “किती वर्षांनी हा मांडीवर आलाय. आता तू मला बरं करू नकोस, बाबा!”

त्यानं गाडीचं दार हळूच लावून दिलं.

मोजणीवाले साहेब आले तेव्हा गल्लीत कोंबड्या होत्या आणि कंपाउंडर होता.

“माणसं कुठायत?”

उत्तर द्यायच्या आत एक गाडी करकचून थांबली. त्यातून कंपाउंडरचाच मुलगा उतरला. घाबराघुबरा!

“बाबा! तुम्ही उभे कसे? आईनं तर अत्यवस्थ म्हणून कळवलं!”

पाठोपाठ बायको दोन पिशव्या घेऊन घरातून निघाली आणि तडक गाडीत जाऊन बसली. “तुम्हीच म्हणालात ना, घराघरातून निरोप जाऊ दे? आपलं काय घर नव्हे?”

साहेबांनी पेन उघडलं. “बोला, किती लिहू?”

कंपाउंडरनं बंद दारांवरून नजर फिरवली. डोळे भरून आले होते, पण मान ताठ ठेवून तो म्हणाला, “लिहा. एक!”

“साहेब,” गाडीतून बायको ओरडली, “त्या एकाला आधी गाडीत बसायला सांगा हो! ऊन चढायला लागलंय!”