शेंगदाण्याच्या पोत्याची राखण

सुट्टीच्या सकाळी अजिनाथने न्हाणीची कडी काढली आणि त्याच्या दोन पायांमधून वाघी सुसाट बाहेर पळाली. मांजराला न्हाणीत कुणी कोंडलं, हे विचारायचंही त्याच्या जिवावर आलं. आठवडाभर चादरीच्या कारखान्यात मागांचा खडखडाट ऐकून माणूस विटला होता. आज त्याला आंघोळ, चहा आणि शांतता, एवढंच हवं होतं. पैकी आंघोळ तेवढी झाली.

डोकं पुसत तो बाहेर आला, तर पिंकीच्या खोलीतला पिंजरा उघडा. आत भुसा, पाण्याची बाटली, पळायचं चाक, सगळं जागच्या जागी होतं. फक्त लाडू नव्हता.

लाडू म्हणजे पिंकीचा हॅमस्टर. मुठीएवढा, बदामी रंगाचा. अजिनाथच्या आईच्या, केराबाईंच्या भाषेत 'इकत आणलेला उंदीर'. काल पिंकी तिच्या आईबरोबर मोहोळला मावशीकडे लग्नाला गेली, ती बजावूनच. "पप्पा, लाडूला काही झालं, तर या घरात एक तर ती मांजर राहील नाहीतर मी."

त्यावर केराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "मांजर घालवा की. तिच्यामागं मी बी गावाला, करकंबला जाते." दोघींच्या मध्ये बॅग धरून उभ्या असलेल्या अजिनाथला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आई, पिंजरा उघडा कसा?"

केराबाई देवापुढं दूर्वा निवडत बसल्या होत्या. "मी उघडला. आज संकष्टी हाय. गणपतीच्या वाहनाला कोंडून ठिवायचं आन् त्याच्याच नावानं उपास करायचा व्हय?"

"अगं, घरात मांजर हाय की."

"मला काय कळत न्हाय का? आदी मांजर न्हाणीत घातली, कडी लावली, मगच सोडलं त्याला. चंद्र दिसला की शेंगदाणं दावून परत आत घेनार हुते." मग त्यांनी मान वर केली. "न्हाणीची कडी कुणी काढली रं?"

अजिनाथचा टॉवेल डोक्यावर तसाच राहिला.

मग कपाट सरकवून झालं, गाद्या उचलून झाल्या. पलंगाखाली आडवा होऊन पाहताना कमरेत उसण भरली, ती वेगळीच. शेवटी स्वयंपाकघरात वाघी सापडली. करकंबहून दर साली शेंगदाण्याचं पोतं यायचं, ते राखायलाच ही मांजर सहा वर्षांपूर्वी दुरडीत घालून आणली होती. आता ती त्याच पोत्याच्या तोंडावर ऐसपैस पडून मिशा चाटत होती. अजिनाथने दुधाची वाटी पुढं केली, तर तिनं तोंड फिरवलं.

"आई, हिचं पोट बग."

"सकाळी साबुदाण्याची खिचडी घातली हाय मी तिला. त्याचं हाय ते."

"मांजराला खिचडी?"

"मग मी खावं आन् तिनं नुसतं बगत बसावं?"

आता पोट खिचडीचं की लाडूचं, हे सांगणार कोण? अजिनाथ भिंतीला टेकून फरशीवरच बसला. बारावीतल्या पोरीनं पहिल्यांदाच काहीतरी बापाच्या भरवशावर सोडलं होतं, आणि बापानं ते एक दिवससुद्धा सांभाळलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. तिकडं केराबाई पिशवीत लुगडी भरायला लागल्या. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "करकंबची गाडी कितीला हाय रं?"

दुपारी चारला पिंकी एकटीच परत आली. तिची आई मागं आवराआवरीला राहिली होती. दारातच तिनं हाक मारली, "लाडू!"

"पिंके, बस जरा. पाणी आणतो," म्हणत अजिनाथ स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच थबकला. पोत्यातून कुरकुर आवाज येत होता. त्यानं अजून तिथंच झोपलेल्या वाघीला बाजूला ओढलं. खाली, शेंगदाण्यांत गळ्याइतका रुतून, दोन्ही गाल टम्म फुगवून लाडू बसला होता. वाघीनं एक डोळा उघडून त्याच्याकडं पाहिलं, अंग जरा आवरून घेतलं आणि पुन्हा झोपली.

अजिनाथच्या डोळ्यांत पाणीच आलं. मागोमाग आलेल्या पिंकीनं लाडूला उचलून छातीशी धरलं. "आज्जी, बघ की. वाघीनं सांभाळलं याला."

केराबाई पोत्याजवळ आल्या. त्यांनी शेंगदाण्यांची फोलपटं पाहिली, लाडूचे गाल पाहिले आणि वाघीकडं बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

"सा वर्सं दूदभाकरी घातली हिला," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाला सांगितलं, माज्या मांजरीच्या धाकानं घरात उंदीर फिरकत न्हाय म्हणून. आन् हिच्या पोटाखाली बसून ते शेंगदाणं खातंय. अजिनाथ, उद्याच्या उद्या हिला करकंबला सोडून ये. न्हायतर मी जाते."

पिंकीनं दुसऱ्या हातानं वाघीला कवेत घेतलं. "वाघी गेली तर मी पण राहणार नाही. मावशीकडं जाईन."

एका बाजूला आईची भरलेली पिशवी, दुसऱ्या बाजूला पोरीची न सोडलेली बॅग. अजिनाथ दोन्हींकडं बघून वळला. कमरेत कळ आली. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, न्हाणीत गेला आणि आतून कडी लावून घेतली.