बोंद्रेकाकांची बेल

आमच्या शेजारचे बोंद्रेकाका दोडक्याच्या सालीही फेकत नाहीत. त्यांची चटणी करतात, आणि ती माझ्या चटणीपेक्षा चांगली होते, हाच माझा राग आहे.

सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर होऊन काका समता कॉलोनीत राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. चहापत्ती दोनदा उकळतात, भाताच्या पेजेत सदरे कडक करतात.

"काका, तुमाले कंजूष म्हणू का?" मी एकदा चिडवलं.

"कंजूष दुसऱ्याले देते का? मी तर कढईभर वाटतो."

ते खरंच आहे. संध्याकाळी भाजीवालीजवळ उरलेला ढीग काका भाव न करता सगळाच उचलतात. ती लवकर घरी जाते आणि काका लाल भाजी, म्हणजे लाल माठ, रांधून डब्यांतून शेजारी पोचवतात. आता शेजारचा डबा काही रिकामा परत करता येत नाही. मग कुठून पोळ्या येतात, कुठून वरण. एका भाजीत काकांचं अख्खं ताट भरतं आणि मी मेली दर वेळी काहीतरी तळत बसते.

एक मात्र मला कळत नव्हतं. ज्या माणसाचा चष्मा दोऱ्यानं बांधलेला आहे, त्यानं दाराला नवीकोरी बेल काहून लावली? तीही अशी जोरकस, की आमच्या घरचे उठून दार उघडतात.

परवा पाहुण्यांच्या गडबडीत डब्यात घालायला काहीच उरलं नाही. मला लाज वाटली. लेकीला म्हटलं, काकांच्या पायरीवर गुपचूप ठेवून ये.

"हव मम्मी, रख दिया. बेल नहीं बजाई," ती येऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका तोच डबा घेऊन दारात. आत मेथी होती, पण चेहरा पार उतरलेला.

"माधुरी, रागावली काहून?"

"नाही हो काका. रिकामा होता, म्हणून तसाच ठेवला."

"रिकामा दे न. खायचं मी करून घेतो." ते डब्याचं झाकण उगाच दाबत राहिले. "फक्त बेल वाजवत जा. डब्यासाठी येता तुम्ही, नाहीतर कोण वाजवून राहिलं?"

मी डबा त्यांच्या हातून घेतला.

संध्याकाळी डबा घासला, रिकामाच घेतला आणि जाऊन बेल दाबली. आमच्या घरातून लेक ओरडली, "मम्मी, कोई आया है."

काकांनी दार उघडलं. अंगात कडक सदरा, केस नीट विंचरलेले. डबा त्यांनी उघडूनही पाहिला नाही.

"ये न, बस," म्हणाले. "चहापत्ती नवीच टाकतो."