मामंजींच्या आजोबांची बंदूक

मी काही फार शिकलेली नाही. जे येतं ते वाचनालयातली पुस्तकं आणि डब्यांमागच्या सूचना वाचून आलेलं. पण डाग कसला आहे आणि तो कशाने निघेल, हे सांगण्यात आमच्या अख्ख्या गल्लीत माझा हात धरणारं कोणी नाही. शाई, मेण, तेल, गंज, काहीही आणा. त्यामुळे मामंजींची बंदूक बघायला पारखी येणार म्हटल्यावर मी मनात म्हटलं, येऊ तर दे, बघतच राहील. तो बघतच राहिला, हे खरं आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. वय सत्त्याहत्तर. बंदूक त्यांच्या आजोबांची. आजोबा एका पुलावर पहारेकरी होते. बंदुकीच्या नळीत कधीकाळी शिसं ओतून ती बुजवलेली, कागदपत्रं रीतसर, त्यामुळे तिच्यापासून धोका असा फक्त माझ्या फरशीला. कपाटाच्या कडेला उभी राहून ती रोज चिमूटभर गंज गाळायची. माझा नवरा तिच्यावर ओले मोजे वाळत घालायचा. मामंजी त्याला कधी बोलले नाहीत. जाता येता मोजे उचलायचे, नीट घडी करायचे आणि त्याच्या उशीवर नेऊन ठेवायचे.

बंदुकीच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवतात त्या लाकडी भागावर, ओळीने पाच खाचा होत्या. एक खाच म्हणजे एक शत्रू. पुलावर पाचजण चालून आले आणि आजोबा एकटे. ही हकिगत मी चोवीस वर्षं ऐकते आहे. शत्रू पाचच राहिले, पण पुलाखालचं पाणी मात्र दरवर्षी थोडं चढत गेलं.

एक दिवस मामंजी म्हणाले, "माझ्यामागे हिचं काय गं होणार?"

"काय होणार म्हणजे? राहील की इथेच."

"भंगारात जाईल. तुझा नवरा देईल."

नवरा पेपरामागे होता. तो नाही म्हणाला नाही.

मग मी शोध घेतला. बाजाराच्या रस्त्यावर एक घड्याळजी आहेत. खाली दुकान आणि वरच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या बंदुका, काचेच्या कपाटांत. प्रत्येकीखाली एक कार्ड. कार्डावर दोनच गोष्टी : 'स्थिती' आणि 'पार्श्वभूमी'. मी मामंजींना एकदा दाखवायला घेऊन गेले. परत आल्यावर घराचं दार उघडताना म्हणाले, "प्रत्येकीखाली तिच्या माणसाचं नाव आहे. पाहिलंस?"

तेवढंच हवं होतं त्यांना. आजोबांचं नाव अशा एका कार्डावर. बंदूक ते फुकट देणार होते. "आजोबांना विकतात का कुणी?" म्हणाले.

नवऱ्याने बंदुकीचे फोटो पाठवले. घड्याळजींचा निरोप आला : 'वस्तू रोचक वाटते. रविवारी बघायला येतो. तोवर तिला काहीही करू नका. आहे तशीच राहू द्या.'

आता मला सांगा, घरी येणारा माणूस 'काही करू नका हं' म्हणतो, तेव्हा आपण खरंच काही करत नाही का? तो चहासुद्धा नको म्हणतो. आपण पोहे करतो. मी म्हटलं, काय सज्जन माणूस आहे.

गुरुवारी मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एक रात्र नवरा त्यांच्यासोबत दवाखान्यात, आणि घरात मी आणि बंदूक. पार्श्वभूमी आधीच तयार होती. मामंजींनी सांगितलेली, मी वळणदार अक्षरात तीन पानं लिहिलेली, पाण्यासकट. राहिली स्थिती.

नळी मी लिंबू आणि राखेने सुरू केली, मग पॉलिश पेपरवर गेले. तासाभरात तपकिरी थर निघून आतून चांदीसारखं लोखंड वर आलं. घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर काहीतरी किरटी अक्षरं आणि आकडे होते, त्यात मेलं काळं अडकलेलं. तीही घासली, घासली, पार सपाट केली. मग लाकूड. कोपऱ्यावरच्या सुताराकडून लांबी आणली, तीच ती खिडकीच्या भेगांत भरतात ती, आणि जिथे जिथे खड्डा दिसला तिथे भरली. वरून गडद पॉलिशचे दोन हात. खाचांपाशी आले तेव्हा हात थांबला नाही, हे कबूल करते. हात एकदा लयीत आला की तो विचार करत नाही. पॉलिश वाळल्यावर मला आठवलं की ते खड्डे नव्हते, शत्रू होते.

म्हटलं, असू दे. तीन पानांत लिहिलंय की.

मामंजी काळा चष्मा लावून घरी आले. मी बंदूक चादरीत गुंडाळून ठेवली होती. नवऱ्याला म्हटलं, रविवारपर्यंत उघडायची नाही, गंमत आहे.

रविवारी घड्याळजी आले. बारीक चणीचे, डोळ्याला भिंग अडकवायची सवय असल्यामुळे एक डोळा कायम अर्धा मिटलेला. मी चादर बाजूला केली. खिडकीतलं ऊन नळीवरून उसळलं आणि त्यांनी दुसराही डोळा मिटला.

मी कौतुकाची वाट बघत होते.

"ही ती बंदूक नाही," घड्याळजी म्हणाले.

"अहो, तीच आहे."

"फोटोतली शंभर वर्षांची होती. ही मंगळवारची वाटते."

"गुरुवारची," मी म्हटलं.

त्यांनी भिंग लावलं आणि पट्टीवर वाकले. "इथे कारखान्याचा शिक्का होता. साल होतं. कुठे गेलं?"

"ते काळं?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

घड्याळजी ताठ झाले. मामंजींकडे वळून, अगदी सभ्यपणे म्हणाले, "काका, राग मानू नका, पण असे प्रकार होतात. फोटो खऱ्या वस्तूचा पाठवायचा आणि समोर नक्कल ठेवायची."

मामंजींना उभ्या आयुष्यात कोणी लबाड म्हटलेलं नाही. काळ्या चष्म्यातून त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी फक्त हात पुढे केला, दस्ता चाचपला आणि बोटं खाचांच्या जागी नेली. बोटं तिथे पोहोचली. पुढे गेली. परत मागे आली. पुन्हा गेली.

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या चादरीत मलाच गुंडाळून कपाटामागे उभं करावं.

"मी केलं," मी म्हटलं. "मी घासली. खाचासुद्धा मीच बुजवल्या. मला वाटलं..." पुढे काय वाटलं ते सांगता येईना, कारण रडू यायला लागलं होतं, आणि परक्या माणसासमोर रडायची माझी पद्धत नाही.

"घासलीत?" घड्याळजी म्हणाले. "अहो, मी लिहिलं होतं, काही करू नका."

"मीच सांगितलं तिला," मामंजी म्हणाले.

मी बघतच राहिले. ते गुरुवारी दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते.

"तुम्ही?"

"हो. म्हटलं, पाहुणे येणार, जरा चकचकीत कर. तिला बोलू नका." मग म्हणाले, "आणि खाचांचं एवढं मनावर घेऊ नका. त्या माझ्याच होत्या."

"तुमच्या म्हणजे?" इतका वेळ तोंडात मोजा कोंबल्यासारखा गप्प असलेला माझा नवरा एकदम बोलला.

"मी नऊ वर्षांचा होतो. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बसलो आणि कोरल्या पाच. वडील घरी आले, त्यांनी पट्टा काढला. आजोबा मध्ये आले आणि म्हणाले, त्याला कशाला मारतोस, या माझ्या आहेत, पुलावरच्या. वडिलांना खरं माहीत होतं की नाही, देव जाणे. पण आजोबा एकदा बोलले ते बोलले. मरेपर्यंत येईल त्याला त्या पाचजणांची गोष्ट सांगत राहिले. मी पण सांगत राहिलो. नाहीतर ते खोटे पडले असते."

"म्हणजे कोणी चालून आलंच नाही?" नवऱ्याने विचारलं.

"अकरा वर्षांत एक म्हैस आली होती. तीही स्वभावाने गरीब."

घड्याळजी भिंग काढून खिशात ठेवत होते. खिसा काही त्यांना सापडेना. मी आत जाऊन चहा टाकला. नको म्हणाले, पण मी यावेळी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा हो म्हणाले.

"काका, खरं सांगतो," कप खाली ठेवून ते म्हणाले, "जमवणाऱ्याच्या दृष्टीने हिच्यात आता काही उरलेलं नाही."

"समजलं," मामंजी म्हणाले. एवढंच. आणि चादरीची टोकं जुळवायला लागले.

"पण मी घेऊन जातो."

पंधरा दिवसांनी आम्हाला बोलावणं आलं. मामंजींचा चष्मा उतरला होता. जिना चढून गेलो तर पहिल्याच कपाटात, अगदी दाराशी, आमची बंदूक. इतर सगळ्या शहाण्यासारख्या काळ्या-तपकिरी आणि ही एकटी लग्नघरातल्या स्टीलच्या पिंपासारखी. मामंजींनी खाली वाकून कार्ड स्वतः वाचलं, मोठ्याने. आधी आजोबांचं पूर्ण नाव. मग :

'स्थिती : घरी घासल्यामुळे सर्व खुणा नष्ट. नवीन संग्राहकांनी अवश्य पाहावी.

पार्श्वभूमी : पुलाचा पहारा, अकरा वर्षं. शत्रू एकही मारला नाही. नातवाला मार मिळू दिला नाही.'

मामंजींनी ते पुन्हा एकदा वाचलं, यावेळी मनात. मग रुमाल काढून आपला नवा डोळा पुसला आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी फार उत्तम काम केलंय, असं काहीतरी म्हणाले.

"एक दुरुस्ती करा," ते घड्याळजींना म्हणाले. मला वाटलं, आता शत्रू परत येणार.

"'घरी घासल्यामुळे' नको. 'सुनेने घासल्यामुळे' लिहा. आजोबांचं नाव आहे, माझं नातवात आलं, मग हिलाच का वगळायचं?"

मी खूप समजावलं की मला वगळलेलं चालेल. कोणी ऐकलं नाही.

आता दर रविवारी मामंजींना तिथे जायचं असतं, आणि जिना चढायला त्यांना माझा हात लागतो. लांबून लांबून लोक बंदुका बघायला आलेले असतात. घड्याळजी त्यांना आधी आमच्या कपाटापाशी उभं करतात आणि ओळख करून देतात. मामंजींकडे हात करून म्हणतात, "ही पार्श्वभूमी."

मग माझ्याकडे बघतात.

"आणि ही स्थिती."