गळतीचा हिरवा माग

"एसीत काय मोठं? गॅस गेला, गॅस भरला!" असं म्हणून नानांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या उमेदीत गाडीतला एसी म्हणजे खाली केलेली काच, तरी हिंमत बघा! गाडी म्हणजे नानांचा जीव. पण रक्तातली साखर वाढल्यापासून माईंनी त्यांना बजावलं होतं, "चोरून गोड खाल्लंत, की गाडीची किल्ली माझ्याकडे. कायमची!"

सकाळी नानांनी गळती दाखवणारा रंग एसीच्या पाइपात सोडला. थोडा हातावर सांडला, तो फडक्याला पुसला. तासभर एसी चालवला, पण गळती काही दिसेना. शेवटी मेकॅनिकला बोलवावं लागलं.

त्याने नानांनी आणलेला गॅसचा डबा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"नाना, बॉनेटखालचं लेबल वाचलंत? हा गॅस या गाडीचा नव्हे!"

"गार करतो ना? मग झालं!"

"रक्त चढवताना गट बघतात, की लाल दिसलं की झालं?"

गॅरेजच्या दारात उभ्या माई खुदकन हसल्या.

मेकॅनिकने गॅरेजचं शटर ओढलं, तो रंग चमकवणारा जांभळा दिवा लावला आणि काय सांगावं! पाइपच्या सांध्यावर हिरवा थेंब असा पेटला, जणू इंजिनात काजवा बाळंत झालाय! नाना वाकून आत डोकावले. साठ वर्षं गाड्या हाताळल्या, पण गाडीच्या पोटात असं चांदणं असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

"अगंबाई! आणि हे काय?" माईंनी दिवा हातात घेतला.

गाडीच्या दारावर हिरवी बोटं. घरात जाणाऱ्या दाराच्या कडीवर पाच लखलखीत बोटं!

"बंद कर गं, बॅटरी संपेल!" नाना मागून धावले.

माग निघाला तो जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, वरच्या फळीवर, नातीसाठी ठेवलेल्या चॉकलेटच्या डब्यावर. झाकण तर असं उजळलं होतं, की नाना स्वतःची चोरी विसरून पुटपुटले, "काय देखणं दिसतंय!"

"किल्ली," माईंनी हात पुढे केला.

नानांनी खिशात हात घातला आणि ते तसेच थबकले. माईंची बोटं हिरवीगार चमकत होती. ओठाचा कोपरासुद्धा!

मागोमाग आलेला मेकॅनिक खाकरला.

"किल्ली मीच नेतो. सांधा बदलून, लेबलवरचा गॅस भरून परवा आणतो. पण तेव्हा ती द्यायची कुणाकडे?"



"नातीकडे," माई हळूच म्हणाल्या. "चार वर्षांची आहे, पण तिने डबा अजून उघडलेला नाही!"