खऱ्या तापाची पंचाईत

नेमक्या त्याच सकाळी पंपचालकाला खराखुरा ताप भरला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

पाणीपुरवठ्यातल्या माणसांना संप करायला कायद्यानं बंदी होती. म्हणणं रास्तच, नळ कोरडे पडले तर लोकांनी प्यायचं काय? पण साप्ताहिक सुट्टी बंद होऊन कित्येक महिने झाले होते आणि माणसं पार पिचून गेली होती. म्हणून युनियनच्या सेक्रेटरीनं पळवाट काढली: संप करायचा नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं.

साहेबही काही दुधखुळे नव्हते. त्यांनी आदल्या संध्याकाळीच बजावलं, "उद्या जो आजारी पडेल, तो संपावर गेला असं धरीन. घरी बसवीन, कायमचा!"

तरण्याताठ्यांचं निभावलं असतं. पंपचालकाची पेन्शन मात्र तोंडावर आली होती.

"अहो, अंग तव्यासारखं तापलंय, निघालात कुठं?" बायकोनं विचारलं.

"आजारी नाही हे दाखवायला."

"पण आहात ना!"

"म्हणून तर जायला पाहिजे. बाकीच्यांना कुठं काय झालंय?"

फाटकाशी ठणठणीत सेक्रेटरी उभा होता. "काय काका, फितूर झालात?"

"हात लावून बघ."

त्यानं कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे बापरे! असा अस्सल आजारी तर आमच्यात एकही नाही. घरी जा की!"

पंपचालक कण्हत साहेबांपुढं गेला. "साहेब, अर्धा दिवस तरी सोडा."

"दिसतंय हो मला. पण तुम्हाला सोडलं, तर संपाला फूस दिली म्हणून मीच आत जायचा. पंप चालू करा."

त्यानं पंप चालू केला, भिंतीला डोकं टेकवलं आणि त्याचा डोळा लागला. टाकी भरली. मग वाहिली. उताराला साहेबांचंच कार्यालय होतं. साहेब खुर्चीवर पाय वर घेऊन "बंद करा, बंद करा!" ओरडू लागले, पण पंप बंद करता येणारे बाकीचे सगळे आजारी होते. पंपचालकाला गदागदा हलवून जागं करेपर्यंत साहेबांचे बूट तरंगत दाराबाहेर पडले होते.

दुपारी साहेबांनी सेक्रेटरीला बोलावून घेतलं. तासाभरानं तो नाचतच पंपघरात आला.

"काका, जिंकलो! तुमच्यामुळं! पुढच्या महिन्यापासून साप्ताहिक सुट्टी. आणि आजची आजारपणाची रजा सगळ्यांना मंजूर, डॉक्टरचा दाखलासुद्धा नको."

"मलाही?"

"तुम्हाला कशी मिळेल? तुम्ही कामावर होतात ना!"

"बरं, मग उद्या घेतो बाबा."

सेक्रेटरीनं मान खाजवली. "उद्याचं कठीण आहे, काका. साहेबांना आम्ही सगळ्यांच्या वतीनं शब्द दिलाय. महिनाभर कुणीही आजारी पडणार नाही."

पंपचालकाला सणसणून शिंक येत होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि घट्ट नाक दाबलं.